वरिष्ठ सभागृहाचा सभासद कोण निवडतो?

(आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली येथे शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रामपंचायतीचा सदस्य कोण निवडतो, असे विचारले तर सातवीतला विद्यार्थीही उत्तर देईल. विधानसभेचा आमदार आणि लोकसभेचा खासदार कोण निवडतो, हेही गावातील प्रत्येक प्रौढ माणसाला ठाऊक आहे. परंतु विधानपरिषदेचा आमदार कोण निवडतो आणि राज्यसभेचा खासदार कोणाच्या मतावर दिल्लीला जातो, असा प्रश्न केला, तर सुशिक्षित मंडळीही क्षणभर थबकतात. याच कळमनुरी तालुक्यातील राजीव सातव २००९ मध्ये विधानसभेवर आणि २०१४ मध्ये लोकसभेवर निवडून गेले, ते येथील मतदारांनी मतदान केंद्रावर दिलेल्या मतांवर. तेच २०२० मध्ये राज्यसभेवर गेले, तेव्हा येथे मतदान केंद्र उघडले नाही. तो अधिकार विधानसभेच्या सदस्यांचा होता. माणूस एकच, परंतु निवडणारे हात निराळे.

वरिष्ठ सभागृहाची निवड कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत जगातील अनेक देशांत मोठ्या तीव्रतेने चर्चिला गेला. निवडणारा हात बदलला की सभागृहाचे काम बदलते, हा त्या सर्व इतिहासाचा निष्कर्ष आहे. आज त्याचाच विचार आपण करू.

शिफारस आणि नियुक्ती

ब्रिटिश हिंदुस्थानात कायदेमंडळात लोकांचा माणूस शिरला तो मागील दाराने. १८९२ च्या कायद्यात निवडणूक हा शब्दच नव्हता. नगरपालिका, लोकल बोर्डे, विद्यापीठे, व्यापारी मंडळे यांनी नाव सुचवावे आणि सरकारने त्याची नियुक्ती करावी, अशी योजना होती. व्यवहारात मात्र सुचवलेले नाव सहसा मान्य होई. मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात १८९५ मध्ये लोकमान्य टिळक आले, ते मध्य विभागातील लोकल बोर्डांच्या मतांवर. १८९९ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले त्याच कौन्सिलात आले. पुढे १९०२ पासून ते कलकत्त्याच्या मध्यवर्ती कौन्सिलात बसू लागले, तेव्हा त्यांना मुंबई कौन्सिलातील बिनसरकारी सभासदांनी निवडून दिले होते. म्हणजे रयतेने लोकल बोर्ड निवडावे, बोर्डाने कौन्सिलर सुचवावा आणि कौन्सिलरांनी मध्यवर्ती सभासद पाठवावा, अशी ही उतरंड होती. लोकल बोर्डाचा मतदारही थोडाथोडकाच होता, हे येथे विसरता कामा नये.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी निवडणुकीचे तत्त्व कायद्यात प्रथमच स्पष्टपणे मान्य केले. मध्यवर्ती कौन्सिलात २७ सभासद निर्वाचित झाले. मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले आणि त्यातून पुढे काय निष्पन्न झाले, हे सर्वविदित आहे. मात्र मध्यवर्ती कौन्सिलातील बहुमत सरकारी अधिकाऱ्यांकडेच राखून ठेवण्यात आले.

या बहुमताचा अर्थ शिक्षक मंडळींनी एका प्रसंगावरून समजून घ्यावा. १६ मार्च १९११ रोजी गोखले यांनी प्राथमिक शिक्षण क्रमाक्रमाने सक्तीचे करण्याची तरतूद असलेले विधेयक मध्यवर्ती कौन्सिलात मांडले. त्यांचे भाषण, त्यांची आकडेवारी, त्यांची तयारी यांविषयी विरोधकांनाही आदर होता. १९ मार्च १९१२ रोजी मतदान झाले. विधेयकाच्या बाजूने १३ आणि विरोधात ३८ मते पडली. देशातील मुलांच्या शिक्षणाचा तो प्रश्न मुख्यतः सरकारने नेमलेल्या सभासदांच्या मतांनी निकालात निघाला. ज्याने नेमले त्याच्याकडे पाहूनच सभासदाचा हात वर होतो, याहून अधिक स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा संसदेने २००९ मध्ये संमत केला. मधल्या जवळजवळ शंभर वर्षांचे मोल कोणी चुकवले, हे खेड्यातील शिक्षकाला सांगण्याची गरज नाही.

अमेरिकेतील सिनेटरांची निवड

याच सुमारास सातासमुद्रापलीकडे हाच प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा होता. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेनुसार प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर त्या राज्याच्या विधिमंडळाने निवडावयाचे होते. मुदत सहा वर्षांची आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सभासद निवृत्त व्हावयाचे. आपल्या राज्यसभेची रचना ज्यांना माहीत आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल.

शतकभराच्या अनुभवानंतर या पद्धतीचे दोन दोष उघड झाले. पहिला दोष कोंडीचा. विधिमंडळात दोन गटांचे जमले नाही की सिनेटरच निवडला जात नसे. डेलावेअर राज्याची एक जागा १८९९ पासून रिकामी राहिली आणि १९०१ ते १९०३ या काळात त्या राज्याचा एकही प्रतिनिधी सिनेटमध्ये नव्हता. दुसरा दोष सौद्याचा. मतदार थोडे असले की ते विकत घेणे धनवंताला सोपे जाते. इलिनॉय राज्यातून १९०९ मध्ये निवडून आलेले विल्यम लॉरिमर यांची निवड भ्रष्ट मार्गाने झाल्याचे ठरवून सिनेटने ती जुलै १९१२ मध्ये रद्द केली.

या अवस्थेवर ऑरेगॉन राज्याने एक नामी तोड काढली. घटना न बदलता तेथे असा पायंडा पडला की, सिनेटरपदासाठी लोकांनी आधी आपला कौल द्यावा आणि विधिमंडळाच्या उमेदवारांनी तो कौल मानण्याचे वचन आपल्या निवडणुकीतच द्यावे. १९०८ मध्ये लोकांचा कौल डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉर्ज चेंबरलेन यांना मिळाला. विधिमंडळात बहुमत रिपब्लिकन पक्षाचे होते. तरीही दिलेले वचन पाळून त्याच विधिमंडळाने १९०९ च्या जानेवारीत चेंबरलेन यांनाच निवडून दिले. पुढे ८ एप्रिल १९१३ रोजी घटनेच्या सतराव्या दुरुस्तीस आवश्यक तेवढ्या राज्यांची संमती मिळाली आणि सिनेटर थेट जनतेच्या मतांनी निवडले जाऊ लागले. ऑस्ट्रेलियाने तर १९०१ मध्ये आपले संघराज्य स्थापन करतानाच सिनेटची निवडणूक प्रत्यक्ष ठेवली होती.

पैनगंगेचे दोन तीर

आता आपल्या भूमीकडे वळू. इसापूरचे धरण ज्या पैनगंगेवर उभे आहे, ती नदी त्या काळी दोन राजवटींमधून वाहत होती. पलीकडे पुसद, उमरखेड हा वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली होता. अलीकडे परभणी जिल्ह्यातील कळमनुरी, हिंगोली, बाळापूर हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता.

१९१९ च्या कायद्यानंतर पैलतीरावरील काही लोकांना मध्यप्रांताच्या कौन्सिलासाठी मत देता येऊ लागले. त्यातही एक कायदेशीर गंमत होती. वऱ्हाड हा निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतलेला प्रदेश असल्यामुळे वऱ्हाडात निवडून आलेल्या सभासदांची सरकार नंतर रीतसर नियुक्ती करी. १९३७ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडची ११२ सभासदांची विधानसभा निवडली गेली.

ऐलतीरावर काय होते? हैदराबादचे कायदे कौन्सिल १८९३ पासून अस्तित्वात होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यात निवडून येणारे सभासद होते, परंतु त्यांना निवडणारे होते जागीरदार व जमीनदार आणि उच्च न्यायालयाचे वकील. बाळापूरच्या कुळाचा, सालगड्याचा किंवा कारागिराचा त्या निवडीशी काडीचा संबंध नव्हता. १९३९ मध्ये निजाम सरकारने जाहीर केलेल्या सुधारणांत व्यवसायवार प्रतिनिधित्वाची योजना होती. लोकांनी नागरिक म्हणून मत द्यावयाचे नव्हते, तर जमीनदार, कूळ, व्यापारी, वकील अशा हितसंबंधांच्या कप्प्यांतून द्यावयाचे होते आणि अंतिम सत्ता निजामाकडेच राहावयाची होती. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करणाऱ्या स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्येच बंदी घालण्यात आली होती. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढ्याचा गाभा हाच होता की, राज्यकर्त्याने बहाल केलेली जागा नको, जनतेने निवडलेले सरकार हवे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हैदराबाद राज्याच्या १७५ जागांच्या विधानसभेसाठी येथील स्त्री-पुरुषांनी समान अधिकाराने मतदान केले. पलीकडील तीराने त्याच वेळी मध्यप्रदेशाच्या विधानसभेसाठी मत दिले. जे पुण्या-मुंबईकडे पायरीपायरीने साठ वर्षांत घडले, ते मराठवाड्यात चार वर्षांत घडून आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी दोन्ही तीर द्विभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले. हैदराबाद राज्याला विधानपरिषद नव्हती. त्यामुळे राज्याच्या वरिष्ठ सभागृहाची मराठवाड्याला ओळख झाली ती तेव्हापासून. येथे त्याविषयी आजही अपरिचय आढळतो, त्याचे एक कारण या इतिहासात आहे.

मुंबई इलाख्याचा वारसा

१९१९ च्या कायद्याने दिल्लीत दोन सभागृहे निर्माण केली. त्यांपैकी वरिष्ठ सभागृह म्हणजे कौन्सिल ऑफ स्टेट साठ सभासदांचे होते. त्याच्या मतदारांची संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानातील संख्या अवघी सुमारे १७ हजार होती. मोठा सारा किंवा प्राप्तिकर भरणारे आणि विशिष्ट पदे भूषवलेले लोक तेवढे मतदार. वरिष्ठ सभागृह म्हणजे वरिष्ठ वर्गाचे सभागृह, अशी ती कल्पना होती.

या कल्पनेला छेद देणारा आवाज महाराष्ट्रातूनच उठला. १९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्य समाजाला सरकारी नेमणुकीने नव्हे, तर निवडणुकीने प्रतिनिधी मिळावेत आणि मताधिकाराची अट खाली आणावी, अशी मागणी केली. पुढे सायमन कमिशनच्या वेळी त्यांनी सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मताधिकार द्यावा, असा आग्रह धरला. १९२७ मध्ये ते स्वतः मुंबई कौन्सिलाचे नियुक्त सभासद झाले आणि १९३७ मध्ये मुंबई विधानसभेवर निवडून आले. नियुक्तीपासून निर्वाचनापर्यंतचा देशाचा प्रवास त्यांच्या आयुष्यातच दिसतो.

१९३५ च्या कायद्यानुसार मुंबई प्रांतात १७५ सभासदांची विधानसभा आणि सुमारे तीस सभासदांची विधानपरिषद स्थापन झाली. १९५० मध्ये राज्यघटना अमलात आली, तेव्हा विधानपरिषदेची रचना अनुच्छेद १७१ मध्ये निश्चित करण्यात आली. महाराष्ट्राच्या विधानपरिषदेत ७८ सभासद आहेत. त्यांपैकी ३० विधानसभेचे सदस्य निवडतात, २२ स्थानिक प्राधिकारी संस्थांकडून येतात, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे आणि १२ राज्यपालांनी नामनिर्देशित केलेले असतात. नीट पाहिले तर १८९२ च्या योजनेतील लोकल बोर्ड आणि विद्यापीठ यांची छाया या रचनेत दिसते. फरक असा की, तेव्हाची स्थानिक मंडळे मूठभरांची होती. आजच्या जिल्हा परिषदा आणि नगरपालिका प्रौढ मतदानावर उभ्या आहेत.

अप्रत्यक्ष निवडणूक आणि तिची जबाबदारी

अमेरिकेने १९१३ मध्ये टाकून दिलेली अप्रत्यक्ष पद्धती आपण का ठेवली, असे कोणी विचारील. राज्यांचा आवाज संघराज्यात राहावा, थेट निवडणुकीच्या धामधुमीत न उतरणाऱ्या जाणत्यांना स्थान मिळावे आणि घाईने केलेल्या कायद्याचा पुनर्विचार व्हावा, ही त्यामागील भूमिका आहे. तिचे फळही मिळाले आहे. १९६० ते १९७८ या काळात महाराष्ट्र विधानपरिषदेचे सभापती असलेले वि. स. पागे यांनी रोजगार हमी योजनेची कल्पना मांडली आणि तिचा पाठपुरावा केला. १९७२ च्या दुष्काळात तिने मराठवाड्यातील लाखो हातांना काम दिले. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि देशाच्या २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याला तिचा अनुभव उपयोगी पडला.

अमेरिकेत दिसलेल्या दोषांवर आपण काही उपायही योजले. पहिला उपाय प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा. राज्यसभेच्या सहा जागांसाठी विधानसभेच्या २८८ सदस्यांनी मतदान केले, असे समजा. प्रत्येक मताचे मूल्य १०० धरले की एकूण २८,८०० होतात. जागांपेक्षा एक अधिक म्हणजे सातने भागून एक मिळवला की ४,११५ हा कोटा निघतो. म्हणजे पहिल्या पसंतीची ४२ मते मिळवणारा उमेदवार निश्चित विजयी होतो. त्याची जादा मते पुढील पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. त्यामुळे बहुमतवाल्या गटाला सर्व जागा बळकावता येत नाहीत आणि डेलावेअरसारखी कोंडीही होत नाही. दुसरा उपाय २००३ मध्ये आला. राज्यसभेच्या निवडणुकीत पक्षाच्या सदस्याने आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीस दाखवावी, अशी खुल्या मतदानाची तरतूद झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती वैध ठरवली.

तरीही दोष सर्वस्वी गेले आहेत असे म्हणता येणार नाही. परभणी व हिंगोली या दोन जिल्ह्यांचा मिळून स्थानिक प्राधिकारी संस्थांचा एक मतदारसंघ आहे. जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समितीचे सभापती आणि नगरपालिकांचे सदस्य हे त्याचे मतदार. लाखोंच्या वतीने मत देणारे हे लोक शेकड्यांतच मोजावे लागतात. शिवाय या संस्थाच जागेवर नसतील तर काय होते, हेही आपण पाहिले. २०२२ मध्ये दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपून तेथे प्रशासक आले. अशा मतदारसंघातील किमान ७५ टक्के संस्था व मतदार अस्तित्वात असल्याशिवाय निवडणूक घेता येत नाही, असा निवडणूक आयोगाचा निकष आहे. जून २०२४ मध्ये या मतदारसंघाच्या सदस्याची मुदत संपली, तेव्हा नवी निवड होऊ शकली नाही आणि जागा रिक्त झाली. डेलावेअरची जागा विधिमंडळातील भांडणामुळे रिकामी होती, आपली जागा खालच्या निवडणुका थांबल्यामुळे रिकामी झाली. कारणे भिन्न, परंतु धडा एकच. उतरंडीतील खालचे मडके काढले की वरचे टिकत नाही.

आपले कर्तव्य

ग्रामपंचायत सदस्यांना या मतदारसंघात मत नाही. प्राथमिक शिक्षकाला शिक्षक मतदारसंघात मत नाही, कारण कायद्यानुसार त्यासाठी माध्यमिक शाळेपेक्षा खालच्या दर्जाची नसलेल्या संस्थेत मागील सहा वर्षांपैकी किमान तीन वर्षे अध्यापन केलेले असावे लागते. गावातील पहिला अक्षरदाता शिक्षक आणि गावाचा पहिला लोकप्रतिनिधी हे दोघेही या दारांबाहेर आहेत. हे न्याय्य आहे काय, यावर विचार करण्याचा आणि योग्य व्यासपीठावर मत मांडण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. मताधिकार वाढला तो नेहमी मागितल्यानेच वाढला, हे साउथबरो समितीपासूनचा इतिहास सांगतो.

परंतु जो अधिकार हाती आहे, तोही आपण वापरतो काय? प्राथमिक शिक्षक पदवीधर असेल आणि पदवी मिळून तीन वर्षे झाली असतील, तर पदवीधर मतदारसंघात त्याला नाव नोंदवता येते. ही यादी विधानसभेच्या यादीसारखी कायम नसते. प्रत्येक निवडणुकीपूर्वी ती नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी असेलच, असे नाही. पदवीधरांनी नमुना १८ आणि शिक्षकांनी नमुना १९ मध्ये मुदतीत अर्ज केला पाहिजे. महसूल कर्मचाऱ्यांनी ही माहिती शाळाशाळांतून वेळेवर पोहोचवावी. मत देताना पसंतीक्रम अंकांत लिहावा. १ हा अंक नसेल तर मत बाद होते. बरोबरची खूण केली किंवा अंक अक्षरांत लिहिला तरीही ते बाद होते. शिकवणाऱ्यांचेच मत अशा चुकीने वाया जावे, यापरते दुर्दैव नाही. नागरिकशास्त्राच्या तासाला पाच उमेदवारांची एक लुटुपुटीची निवडणूक पसंतीक्रमाने घ्या. मोजणी विद्यार्थ्यांनाच करू द्या. पुस्तकातील एक पान त्यांना जन्मभर आठवेल.

पंचायत सदस्यांना मी ऑरेगॉनचे उदाहरण पुन्हा देईन. तेथील लोकांनी घटना बदलण्याची वाट पाहिली नाही. आपल्या वतीने जो मत देणार, त्याच्याकडून त्यांनी आधी वचन घेतले. आपल्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्याला ग्रामसभेत बोलवावे. विधानपरिषदेच्या उमेदवाराकडे सिंचन, रस्ते, शाळा यांविषयी तो काय मागणार आहे, हे निवडणुकीपूर्वी विचारावे आणि निवडून आलेल्या सदस्याने सभागृहात कोणते प्रश्न विचारले, हे नंतर पाहावे. मतदानाची गुप्तता अबाधित ठेवूनही हे सर्व करता येते. सदस्याचे मत हे त्याचे खासगी धन नाही. मतदारांनी त्याच्याकडे सोपवलेली ती ठेव आहे.

१९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ असा निकाल लागला, तेव्हा ज्या मुलांचे भवितव्य ठरत होते, त्यांच्या आईबापांना सभासदाला प्रश्न विचारण्याचा मार्ग नव्हता. बाळापूरच्या माणसाला तर आपले राज्य कोण चालवतो, असे विचारण्याचीही सोय नव्हती. आज मार्ग आहे आणि सोयही आहे. ती वापरण्याची सवय गावाला लागली, तर वरिष्ठ सभागृहातील आसन मुंबईत असो वा दिल्लीत, त्याचा पाया आपल्या ग्रामसभेतच राहील.